मोतीचे सतरा दिवस

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा आणि मरणाचा विषय काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वर्षभर या सदरात मी भाजणी बिघडल्यापासून ते विहीणबाई रुसल्यापर्यंत काय वाटेल ते लिहीत असतो, आणि दिवाळीसाठी तर खास खुसखुशीत मजकूर राखून ठेवायचा असतो. यंदा तसा मजकूर हाताशी नव्हता असे नव्हे. पण वाचकहो, ज्यांच्या दारात कुत्रा बांधलेला आहे, किंवा बांधलेला नसून सरळ दिवाणावर झोपलेला आहे, अशा प्रत्येक घराला हा प्रसंग एक ना एक दिवस गाठणार आहे. आणि त्याबद्दल आपण मंडळी चकार शब्द बोलत नाही. पिल्लू घरी येते तेव्हा त्याचे नाव काय ठेवावे यावर आठवडाभर खल चालतो. दहा-बारा वर्षांनी ते आपल्या डोळ्यांदेखत जाणार आहे, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. मांडत नाहीत हेही बरेच आहे म्हणा. नाहीतर पिल्लू कोणी आणलेच नसते.

आमचा मोती नऊ वर्षांचा होता. आई अल्सेशियन, वडिलांचा पत्ता नाही. एक कान राजासारखा उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. गोंदियाचे स्टेशन म्हणजे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन, आणि आमचे घर रुळांपासून फार लांब नाही. रात्रभर गाड्यांची ये-जा चालते. मोतीला मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर सगळ्यांचे आवाज मान्य होते. फक्त मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की त्याला तो स्वतःचा अपमान वाटे. मग तो उठे, एकदाच भुंके आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानाने पुन्हा अंगाची गुंडाळी करी.

आमच्या आईने त्याला घरात घेताना एक अट घातली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्याचे पाऊल पडता कामा नये. नऊ वर्षे त्याने ही अट अक्षरशः पाळली. चारही पाय बाहेर ठेवून तो हनुवटी तेवढी उंबऱ्यावर टेकून पडे. हनुवटी म्हणजे पाऊल नव्हे, एवढा कायदा त्याला कळत होता. आईलाही तो कळत असावा, कारण पोळी करताना एखादा तुकडा नेमका उंबऱ्याच्या दिशेनेच घरंगळे.

यंदा तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याची चाहूल लागताच मोती नेहमीप्रमाणे फाटकाकडे धावला आणि अर्ध्या वाटेत बसला. बसला कसला, कोसळलाच. जवळ जाऊन पाहतो तर जीभ थंड आणि हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "भाऊ, याचं काही खरं दिसत नाही जी," एवढेच तो म्हणाला. आणि अर्ध्या-पाऊण तासाने हाच मोती उठला, पाणी प्याला, संध्याकाळी ताक-भात खाऊन शेपूट हलवू लागला! घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्या गावच्या पशुवैद्यांचा मात्र पडला नाही. त्यांनी पोट चाचपले, हिरडीवर बोट दाबून सोडले आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते, आणि दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. मोतीची होत नव्हती. "उद्याच्या उद्या नागपूरला न्या," ते म्हणाले. वाचकांपैकी ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांनी ही हिरडीची परीक्षा एकदा तो धडधाकट असतानाच करून ठेवावी. रोजचा रंग ठाऊक असला म्हणजे बदललेला ओळखू येतो.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालापासूनचे. तिरोडा, तुमसर, भंडारा करीत मोटारीने चार तासांचा रस्ता. वाटेत वैनगंगा लागते. पावसाळ्याचे दिवस, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, आणि मोती खिडकीबाहेर तोंड काढून वारा पीत होता. त्याच्याकडे पाहून कोणी म्हणाले असते की ही मंडळी सहलीला निघाली आहेत.

सोनोग्राफी झाली. तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवले. प्लीहेवर, म्हणजे आपली जुनी माणसे जिला पानथरी म्हणत तिच्यावर, लिंबाहून मोठी गाठ होती. ती फुटून पोटात रक्त उतरले होते. यकृतावरही ठिपके होते आणि हृदयाभोवती थोडे पाणी जमले होते. "काका, गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हे जे तीन ठिकाणी दिसतंय ना, त्यावरून हा रक्तवाहिन्यांचा कर्करोग वाटतो."

या रोगाचे लांबलचक इंग्रजी नाव हेमँजिओसार्कोमा. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या अंगाच्या आणि उतारवयाच्या कुत्र्यांना तो विशेषकरून होतो. त्याची रीत मोठी कपटी आहे. गाठ आत वाढत असते तेव्हा कुत्रा जेवतो, खेळतो, भुंकतो; बाहेर काही दिसत नाही. मग एके दिवशी ती फुटते. रक्त पोटात जाते म्हणून तो कोसळतो, आणि रक्तस्राव आपोआप थांबला तर पोटातले रक्त शरीर हळूहळू परत शोषून घेते म्हणून तो उठून बसतो. आम्हांला चमत्कार वाटला होता तो हा असा. पुढे केव्हातरी ती पुन्हा फुटते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. प्लीहेवरची प्रत्येक गाठ अशी नसते. साधारण तीनांतल्या दोन गाठी वाईट आणि त्या वाईटांपैकी तीनांतल्या दोन या रोगाच्या, असा पशुवैद्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे उरलेल्या एक तृतीयांश गाठी साध्या निघतात, आणि शस्त्रक्रियेने प्लीहा काढून टाकली की तो कुत्रा पुढे कित्येक वर्षे सुखाने जगतो. तेव्हा सोनोग्राफीत नुसती गाठ दिसली म्हणून कोणी हात टेकू नयेत. मोतीचे तसे नव्हते. रोग एवढा पसरलेला नसता तर प्लीहा काढून, पुढे कर्करोगाची औषधे देऊन, चार-सहा महिने मिळण्याची आशा धरता आली असती. नुसत्या शस्त्रक्रियेने महिना ते तीन महिने. पण यकृतापर्यंत गेलेल्या रोगाला पोट उघडून काय करणार? "टेबलावरच जाईल अशी भीती आहे," बाई म्हणाल्या. किती दिवस, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतीने विचारला. मला तो विचारवत नव्हता. "काही दिवस. फार तर काही आठवडे."

परतीच्या वाटेवर भंडारा येईपर्यंत कोणी बोलले नाही. मग सौ. म्हणाली, "हे बघा, रडायचं ते आपण आपल्या खोलीत रडू. त्याच्यासमोर नाही. आपले चेहरे पाहून तो दिवसभर माझ्या मागे-मागे फिरतो, त्याला वाटतं त्याचंच काही चुकलं." माझ्या मते या सगळ्या प्रकरणात एवढे शहाणपणाचे वाक्य दुसरे कोणी बोलले नाही. कुत्र्याला आपला रोग माहीत नसतो. आपल्याजवळ दिवस किती उरले हे त्याला ठाऊक नसते; आज फिरायला गेलो की नाही एवढेच ठाऊक असते. शेवटची तारीख डोक्यात घेऊन हिंडणारे आपण.

असे दुःख करणे ही आजकालच्या शहरी लोकांची थेरे आहेत, असे समजणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी कथा सांगतात, आणि लोक त्याला खंड्या म्हणतात. शाहू महाराज १७४९ साली गेले. म्हणजे ही गोष्ट पावणेतीनशे वर्षांहून जुनी. इंग्रज कवी बायरनचा बोट्स्वेन नावाचा कुत्रा १८०८ साली पिसाळून मेला. त्या काळी या रोगावर लस नव्हती, तरी बायरनने जवळ बसून त्याची शुश्रूषा केली असे म्हणतात, आणि पुढे आपल्या वाड्याच्या बागेत त्याचे थडगे बांधले. (पिसाळलेल्या जनावराजवळ असे बसणे वेडेपणाचे आहे, तो कित्ता कोणी गिरवू नये.)

आणि आपल्या मुंबई पोलिसांचा जंजीर! वाचकांपैकी अनेकांना तो आठवत असेल. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर धनजी स्ट्रीटवर स्फोटकांनी भरलेली स्कूटर हुंगून काढणारा लॅब्रॅडॉर. त्याच्या नावावर ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब शोधल्याची नोंद आहे. त्याने किती माणसांचे प्राण वाचवले याची मोजदाद करणे अशक्य. त्याला हाडांचा कर्करोग झाला, आणि नोव्हेंबर २००० मध्ये, आठ वर्षांचा असताना, तो गेला. राजधानीचे शहर, हाताशी मोठमोठे डॉक्टर, सरकारी चाकरी. तरी त्या रोगापुढे कोणाचे काही चालले नाही. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. फुलांखाली झाकलेल्या त्या कुत्र्याला एक गणवेशातला अधिकारी पुष्पचक्र वाहतो आहे, ते छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापून आले होते. नागपूरहून आल्यावर त्या रात्री मी ते शोधून काढून कितीतरी वेळ पाहत बसलो. आपल्या गावात मोठे इस्पितळ असते तर, असे जे मनात टोचत होते, ते त्यानंतर कमी टोचू लागले.

पुण्याला शिकणाऱ्या चिरंजीवांना कळवावे की नाही, यावर घरात मतभेद झाला. परीक्षा जवळ आली होती. मी म्हणत होतो, नंतर सांगू. सौ. म्हणाली, नंतर कोणाला भेटायला येईल तो? ते ऐकून मी फोन उचलला. महाराष्ट्र एक्स्प्रेसने तो आला, चार दिवस मोतीच्या शेजारी जमिनीवर अंथरूण टाकून झोपला आणि परत गेला. परीक्षेचे काय झाले ते कळायचे आहे.

धाकटी दहा वर्षांची. तिला काय सांगावे? आपल्याकडे मुलांना सांगतात की मोती शेतावर राहायला गेला, मामाच्या गावाला गेला. मुले काही दिवस वाट पाहतात, आणि मग आपल्यालाच खोटे पाडतात. तो झोपला असे तर मुळीच सांगू नये. मग मुलाला स्वतःच्या झोपेची धास्ती बसते. आम्ही तिला सांगितले की मोतीच्या पोटात गाठ आहे, ती डॉक्टरांना बरी करता येत नाही, आणि तो थोड्या दिवसांनी मरणार आहे. तिने विचारले, "त्याला दुखतंय का?" आम्ही म्हटले, फार दुखू नये म्हणून औषध देत आहोत. "मग आज फिरायला न्यायचं की नाही?" न्यायचं, पण हळूहळू. तिने पट्टा घेतला आणि निघाली. मोठ्यांच्या सभेला जे जमले नाही ते तिने दोन प्रश्नांत निकालात काढले.

चिरंजीवांनी जाता जाता एक कामाची गोष्ट केली. अमेरिकेत अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाई आहेत. त्यांनी २००४ साली अशा अखेरच्या आजारासाठी एक तक्ता तयार केला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना दहापैकी गुण द्यायचे. वेदनेत श्वासाचा त्रासही धरायचा. सत्तरांपैकी पस्तीसच्या वर बेरीज असेल तोवर जनावराचे जगणे सुसह्य समजायचे. चिरंजीवांनी तो वहीत आखून दिला, आणि रोज रात्री धाकटी, सौ. आणि मी असे तिघे आपापले गुण मांडू लागलो. दुःखाला गुण कसले द्यायचे, असे मला आधी वाटले होते. पण माझे मन आज म्हणे बराच दिसतोय, उद्या म्हणे संपलेच सगळे; वहीतल्या आकड्यांना असे झोके येत नव्हते. पहिल्या आठवड्यात एकावन्न, बावन्न, एकदा तर छप्पन्न. त्या छप्पन्नच्या दिवशी तो मालगाडीवर भुंकला होता.

मधल्या काळात गणपती आले, पाठोपाठ महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे विदर्भात महालक्ष्म्यांचे जेवण म्हणजे सोळा भाज्या, आंबील आणि घरभर पाहुणे. पाहुण्यांबरोबर सल्ले आले. एकाने हळद सांगितली, एकाने बेलाचा रस, एकाने बाबा सांगितला. एका दूरच्या मेहुण्यांनी तर स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या खिशातून काढून दिल्या. त्या मी तत्काळ परत केल्या, आणि येथे मुद्दाम लिहितो: माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही परस्पर देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या साध्या औषधानेही त्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ज्याचे आधीच रक्त जाते आहे त्याला तर ते विषच. सांत्वनाचीही एक तऱ्हा असते. "अहो, कुत्राच तो. दुसरा आणा." हे वाक्य मी मोजले, महालक्ष्म्यांच्या एका जेवणावळीत पाच वेळा. नेपाळात दिवाळीत, आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास, एक दिवस खास कुत्र्यांचा असतो. त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळाला टिळा लावतात आणि गोडधोड खाऊ घालतात. त्या पाच जणांना एकदा तिकडे पाठवावे असे वाटते.

विसर्जनानंतर मोतीचे गुण उतरू लागले. चाळीस, अडतीस. त्याचा श्वास पोटातून येऊ लागला. रात्री तो जागा बदलत राही, कारण कोणत्याच कुशीवर त्याला आराम पडत नसे. आमच्या पशुवैद्यांनी तेव्हा तो विषय काढला. त्यांनी आग्रह केला नाही. दुसऱ्यांदा गाठ फुटली तर काय होईल एवढे सांगितले, आणि तशी वेळ येण्याआधी शांतपणे निरोप देता येतो असे सांगून ते थांबले.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती म्हणाली, "आपण त्याला जन्म दिला नाही, मग मरण देणारे आपण कोण? धर्मराजाने स्वर्ग नाकारला पण कुत्र्याला टाकलं नाही." यावर सौ. म्हणाली, "आई, टाकायचं कुठे म्हणतोय आपण? शेवटपर्यंत जवळच बसायचं आहे." पण ती पुढे बोलू शकली नाही. दोघींचेही खरे होते, आणि मी दोघींच्या मधोमध भिंतीला टेकून बसलो होतो.

मला आठवण झाली ती गांधीजींच्या वासराची. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत पडले होते. त्याला कूसही बदलता येत नव्हती. पशूंच्या डॉक्टरांनी आशा सोडली. अहिंसेचा तो सर्वांत मोठा उपासक. त्याने आश्रमातल्या मंडळींशी विचारविनिमय केला, डॉक्टरांकडून वासराला विषाचे इंजेक्शन देववले आणि त्या वेळी तो स्वतः तेथे हजर राहिला. मग ही गोष्ट झाकून न ठेवता त्यांनी 'नवजीवन'मध्ये लिहिली. त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला, तरी ते मागे हटले नाहीत. जेथे दुःख दूर करण्याचा दुसरा कोणताच उपाय उरलेला नाही आणि आपला त्यात कसलाही स्वार्थ नाही, तेथे हे हिंसेत मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. आई लहानपणी वर्ध्याला राहिलेली. सेवाग्राम तिच्या घरातला शब्द. मी तिला ही हकीकत सांगितली, पटवण्यासाठी नव्हे, माहिती म्हणून. ती काही बोलली नाही. उठून देवापाशी जाऊन बसली.

त्या रात्री वहीत धाकटीने तेवीस मांडले. सौ.ने एकवीस. मी वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पितृपक्षातली तृतीया होती. सकाळी मोती उठलाच नाही. हिरड्या पुन्हा पांढऱ्या, पोट टम्म. डोळे मात्र आमच्यावर. डॉक्टर दहा वाजता आले. आमच्यापैकी प्रत्येकाला काहीतरी विचारायचे होते आणि कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात आई बाहेर आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "त्याला आधी झोप लागेल ना? मग द्याल ना ते?"

"हो आजी," डॉक्टर म्हणाले. "पहिलं इंजेक्शन झोपेचं. गाढ झोप लागली याची खात्री करूनच दुसरं देईन. त्याला काही कळणार नाही." हे दुसरे औषध भूल देण्याच्याच जातीचे असते, फार मोठ्या मात्रेत. आधी मेंदू पूर्ण बेशुद्ध होतो, मग श्वास थांबतो आणि पाठोपाठ हृदय. सगळे मिनिटा-दोन मिनिटांत आटोपते. डोळे उघडेच राहतात, आणि नंतर एखादा श्वास ओढल्यासारखा होतो किंवा पाय थरथरतो. ते दुखण्याचे चिन्ह नव्हे. हे त्यांनी आधीच सांगून ठेवले म्हणून आम्ही घाबरलो नाही. ज्यांच्यावर अशी पाळी येईल त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. धाकटीला आम्ही विचारले, थांबायचे की शेजारी जायचे, दोन्ही चालेल. पहिल्या इंजेक्शनपर्यंत ती थांबली, त्याचा पडका कान हातात धरून. तो झोपल्यावर ती आपणहून उठून गेली.

जागेचा प्रश्न शेवटच्या क्षणी उभा राहिला. मोती दिवाणखान्यात होता. आईने सांगितले, त्याला स्वयंपाकघराच्या दारात आणा. आम्ही चादरीसकट उचलून आणला. आईने स्वतःच्या हाताने त्याचे डोके उचलून उंबऱ्याच्या आत, आपल्या मांडीवर घेतले. पुढचे पायही आत आले. कोणी काही म्हटले नाही.

दुपारी आम्ही त्याला शेतावर नेले. आमच्या चुलतभावाची बोडीच्या वरच्या अंगाला थोडी उंच जमीन आहे, पळसाची झाडे आहेत. खाली बांध्यांमध्ये पाणी होते, धान गर्भात आला होता. विहिरीपासून लांब, चार-पाच हात खोल खड्डा खणला, कारण वरच्यावर पुरले तर कोल्ही उकरतात. चुलतभावाच्या गड्याने वर काटेरी फांद्या अंथरल्या आणि त्यावर दगड ठेवले. मी परतताना उरलेली औषधे डॉक्टरांकडे देऊन आलो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

दोन दिवसांनी, पंचमीला, वडिलांचे श्राद्ध होते. श्राद्धाला कावळ्याचा, गायीचा आणि कुत्र्याचा असे घास बाहेर काढतात. गेली नऊ वर्षे कुत्र्याचे पान मोती जेवत असे, आणि वडे आहेत की नाहीत ते आधी हुंगून पाही. यंदा ते पान तयार करून आई बराच वेळ हातात घेऊन उभी राहिली. मग फाटकाबाहेर गेली. आमच्या गल्लीत एक तांबूस रंगाची भटकी कुत्री आहे, तिला मोती नऊ वर्षे फाटकाच्या आतून शिव्या घालत आला. आईने पान तिच्यापुढे ठेवले. ती लांबूनच पाहत राहिली, आई मागे सरली, तेव्हा कुठे पुढे आली आणि आधी वडा घेतला.

धाकटी खिडकीतून पाहत होती. "आजी," ती म्हणाली, "हिला आत घ्यायचं?"

"काही नको," आई म्हणाली. "बाहेरच बरी आहे ती." आणि आत येऊन तिने सौ.ला विचारले की संध्याकाळच्या कणकेत दोन पोळ्यांचे पीठ जास्त धरले आहे ना.